गुरुजींच्या पोटाची फाइल

चुन्नीलाल टेंभरे गुरुजींच्या पोटात डॉक्टरांनी नेमकं काय करून ठेवलंय, याबद्दल बोदलकशाच्या तलावाजवळच्या त्यांच्या गावात तीन मतं होती. गुरुजींच्या बायकोचं, म्हणजे चंद्रावतीबाईंचं म्हणणं की आत पट्टा बांधलाय, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरनं भिंतीवरच्या चित्रात त्यांना पट्टा दाखवला होता. शेजारचा खेमराज गजभिये म्हणायचा, पट्टा-बिट्टा काही नाही, फुगा आहे. खेमराज आरोग्य खात्यात मलेरियाचे रक्तनमुने घ्यायचा, म्हणून गाव त्याला अर्धा डॉक्टर मानायचं, आणि उरलेला अर्धा तो स्वतः मानायचा. तिसरं मत चंद्रावतीबाईंच्या थोरल्या बहिणीचं, पुष्पाबाईंचं. त्यांच्या मते काहीच केलेलं नव्हतं. "पाच भोकं पाडले न् पुन्हा शिवून देले," असं त्या चारचौघांत सांगत. खुद्द गुरुजींना कोणी विचारत नसे. ते त्या वेळी बेशुद्ध होते, त्यामुळे त्यांची साक्ष धरायचं कारण नव्हतं.

हा प्रश्न निघालाच नसता. निघाला तो २०१०च्या फेब्रुवारीत, नागपूरच्या नव्या डॉक्टरांसमोर. गुरुजी आणि चंद्रावतीबाई त्यांच्याकडे दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला घ्यायला गेले होते. पहिलं दसऱ्यानंतर झालं होतं. त्याच्या आधी वजन होतं एकशे चोवीस किलो, आणि त्या दिवशी नागपूरच्या काट्यानं छापील चिठ्ठी दिली, एकशे एकोणीस. साडेचार महिन्यांत पाच किलो! तेवढे तर चार दिवसांच्या तापातही जातात, आणि तापाला भूल द्यावी लागत नाही.

"आधी कोणतं ऑपरेशन झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोटाचं," गुरुजी म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण कोणतं? बँड, स्लीव्ह की बायपास?"

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस. उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांनी तेच केलं जे त्यांची पोरं करायची. त्यांनी शेजारी बसलेल्या चंद्रावतीबाईंकडे पाहिलं. चंद्रावतीबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"जुने कागद आणा," डॉक्टर म्हणाले. "कागद नसतील तर ऑपरेशननंतर काढलेला एक्स-रे आणा. पहिल्यांदा काय केलंय हे कळल्याशिवाय मी दुसऱ्यांदा हात लावणार नाही. करायचं की नाही, ते नंतरचं. आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, काय खाता तेही लिहा."

आता तुम्ही म्हणाल, चोपन्न वर्षांच्या मास्तराला बारीक व्हायची एवढी हौस काऊन? गावातही लोक हेच म्हणत. गुरुजी त्यावर काही बोलत नसत, पण कारण होतं, आणि ते घरातल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, लग्नाच्या अल्बममध्ये होतं.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीचं, रश्मीचं लग्न झालं. लग्नात आईबापानं परातीत मुलीचे नि जावयाचे पाय धुवायचे असतात. आई पाणी ओतते, बाप धुतो. मांडवात दोघं पाटावर बसली होती, समोर परात होती, नि गुरुजी खाली बसायला लागले आणि अर्ध्यातच अडकले. ना खाली जाता येईना, ना वर. गुडघे म्हणाले बस, पोट म्हणालं नाही. श्वास कोंडला. चार जणांनी धरून त्यांना खुर्चीवर टाकलं. मुहूर्त निघून चालला होता, तेव्हा धाकटा भाऊ हीरालाल पटकन उकिडवा बसला आणि त्यानं रश्मीचे पाय धुतले. हीरालालचं काही चुकलं नाही. पण अल्बममध्ये फोटो हीरालालचा आहे.  सासरी जाताना रश्मी वाकून बापाच्या पाया पडली, तर गुरुजींना पोटाआडून फक्त तिच्या पदराचा काठ दिसला. त्या दिवसापासून त्यांनी तो अल्बम उघडलेला नाही.

आणि आता धाकटीचं, हर्षिताचं लग्न ठरलं होतं, अक्षय तृतीयेचं. हिचे पाय मी माझ्या हातानं धुणार, एवढंच गुरुजींना पाहिजे होतं. त्यासाठीच पहिलं ऑपरेशन, त्यासाठीच दुसऱ्याचा विचार.

पहिलं ऑपरेशन फसलं कसं, हे सांगायला पाहिजे. दोष कोणाला द्यावा हा प्रश्नच आहे. पहिले पंधरा दिवस पातळ घ्यायचं होतं. पातळ म्हटल्यावर अख्खा मोहल्ला पेज घेऊन आला. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? पुष्पाबाई तर दूध घालून पातळ केलेला शिरा घेऊन आल्या आणि पेला तोंडाला लावून म्हणाल्या, "पिऊन टाका जी, हा चावाचा नाई." मग पथ्याचा दुसरा टप्पा लागला. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा खा. हा टप्पा लागला तो नेमका भाऊबीजेनंतर, म्हणजे मंडईच्या दिवसांत.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज ह्या गावची, उद्या त्या गावची, दीड-दोन महिने चालते. मंडईला सोयऱ्यांनी यायचंच, आणि आल्यावर कोणाचंही घर टाळायचं नाही. एका घरी चहा घेतला नि दुसऱ्या घरी घेतला नाही, तर पुढची तीन वर्षं त्या घराशी बोलणं बंद. टेंभऱ्यांचे सोयरे बावीस गावांत. गुरुजींनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि त्यांना वाटलं, वा! ह्या डॉक्टरनं तर मंडई डोळ्यांसमोर ठेवूनच पथ्य लिहिलंय. थोडं थोडं, अनेकदा. ते एका घरी अर्धी करंजी घेत, दुसऱ्या घरी एक उडदाचा वडा, तिसऱ्या घरी दोन घास झिंग्यांची भाजी. कुठंच पोटभर नाही. चौदा घरं झाली की परत. "कुठी जेवलो मी? भात तर पाह्यला पन नाई," असं ते संध्याकाळी घरी येऊन चंद्रावतीबाईंना शपथेवर सांगत, आणि खरंच सांगत. ज्यात भात नाही त्याला जेवण म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

असो. तर कागद.

पहिला दवाखाना गाठला, तर त्या जागी टाइल्सचं दुकान. डॉक्टर परदेशी गेलेले. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "कागद तो नहीं हैं गुरुजी, बाथरूम के लिए कुछ दिखाऊं?"

मग एक्स-रेची आठवण झाली. एक्स-रे होता. मोठी काळी फिल्म, त्यात गुरुजींचं पोट ढगासारखं. ती घरात शोधता शोधता चंद्रावतीबाई एकदम थांबल्या. "अवो," त्या म्हणाल्या, "गरान."

पंधरा जानेवारीला सूर्यग्रहण होतं. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे. पोरांना ग्रहण दाखवायची त्यांना भारी हौस, आणि दाखवायला काळी फिल्म पाहिजे. त्यांनी स्वतःच्या हातानं, पट्टीनं मोजून, स्वतःच्या पोटाचे बत्तीस तुकडे केले आणि सातवीच्या वर्गाला वाटले. एक्स-रेतून ग्रहण पाहू नये, डोळे जातात, असं पत्रक वरून आलं होतं. पण ते आलं ग्रहणानंतर आठ दिवसांनी. कोणाचे डोळे गेले नाहीत हे सातवीचं नशीब. आता गुरुजी वर्गात उभे राहून म्हणाले, "ज्याच्या-ज्याच्याकडे माझ्या पोटाचा तुकडा असेल, त्यानं उद्या आणावा." अकरा आले. खेमराजनं ते ओसरीवर मांडून जुळवले आणि चष्मा वर करून म्हणाला, "हा पाहा फुगा!" तो कोणाच्या तरी अंगठ्याचा डाग निघाला.

मग एकच जागा उरली. ऑपरेशनचं बिल मिळावं म्हणून गुरुजींनी सगळे मूळ कागद गोंदियाच्या एका ऑफिसात जोडले होते. त्या ऑफिसाचं नाव मी घेत नाही, गुरुजींची पेन्शन अजून व्हायची आहे. तिथं नंदलाल नावाचे बाबू होते. तोंडात पान, टेबलावर फाइली, आणि बोलणं असं गोड की माणसाला वाटावं काम झालंच.

"आइए गुरुजी, बैठिए. फाइल आहे तुमची. पण ऐसा है, ती त्रुटीत आहे."

"कोणती त्रुटी जी?"

"डिस्चार्ज कार्ड जोडलेलं नाही."

"मी माझ्या हातानं टाचणी लावली!"

नंदलालबाबूंनी फाइल उघडून पाहिली. "जोडलंय. लेकिन अक्षर वाचता येत नाही. वाचता येत नाही, म्हणजे न जोडल्यासारखंच."

"मग ते परत द्या. मी डॉक्टरकडून वाचून आणतो."

"जे जोडलेलंच नाही, ते परत कसं देऊ गुरुजी?"

गुरुजींना क्षणभर वाटलं की ह्यात काहीतरी चुकतंय, पण काय चुकतंय ते बोट ठेवून सांगता येईना. त्यांनी झेरॉक्स मागून पाहिली. त्रुटीतल्या फाइलीची झेरॉक्स निघत नव्हती. त्रुटीची पूर्तता केली की फाइल निघणार होती, आणि पूर्तता करायला डिस्चार्ज कार्ड लागणार होतं. "समझ गए ना?" नंदलालबाबूंनी विचारलं, आणि गुरुजींनी मान हलवली. अठ्ठावीस वर्षं पोरांनी त्यांच्यापुढे अशीच मान हलवली होती. तिचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला.

घरी आल्यावर खेमराजनं उपाय सांगितला. "माहितीचा अधिकार टाका ना जी! आता कायदा हाये. तीस दिवसांत द्याच लागते." गुरुजींना पटलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: 'माझ्या पोटात काय करण्यात आलेले आहे, त्याबाबतच्या कागदाची साक्षांकित प्रत मिळावी.' दहा रुपयांचा स्टँप लावला आणि रजिस्टरनं पाठवला. सरकारकडे लोक रस्ते मागतात, विहिरी मागतात. स्वतःच्या पोटाची चौकशी करणारे तालुक्यात तेच पहिले असावेत.

तीस दिवस काढायचे होते, त्यात वजनाची गोष्ट घडली. खरं म्हणजे ती नागपूरहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती. दर आठवड्याला वजन लिहायचं, तर घरच्या काट्याला गुरुजी झेपत नव्हते. सुई एक पूर्ण चक्कर मारून पुन्हा तीन किलोवर येऊन बसायची. म्हणून ते गावातल्या धान खरेदी केंद्रावर गेले. तिथं मोठा काटा, धानाचे कट्टे मोजायचा, कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. हमाल म्हणाला, "चढा गुर्जी. बारदान्याचा किती वजा करू?" बारदाना म्हणजे रिकामं पोतं. त्याचा अर्थ इथं धोतर-सदरा. गुरुजींनी अपमान गिळला आणि चढले. काट्यानं दाखवलं, एकशे आठ.

आदल्या दिवशी एकशे एकोणीस, आज एकशे आठ! गुरुजींना आनंद मावेना. त्यांनी पावशेर पेढे आणून वाटले, त्यातले चार स्वतःला वाटले. लोकांनी ऐकलं, खूश झाले, आणि मग एकेकाच्या कपाळाला आठी पडायला लागली. खेमराजनं ती बोलून दाखवली.

"गुर्जी, एका रातीत अकरा किलो जाते का? नागपूरचा काटा छापील चिठ्ठी देते. मंग इथला काटा आपला धान कसा मोजून राहिला?"

झालं. गुरुजी गणितही शिकवायचे, हा त्यांचा दोष. कोणीतरी विचारलं, गुरुजींच्या मागं अकरा किलो जात असतील, तर कट्ट्यामागं किती? आणि स्वतःच्या इज्जतीचं काय होईल याचा विचार न करता गुरुजींनी खडू घेऊन ओट्यावर त्रैराशिक मांडलं. कट्ट्यामागं साडेतीन किलोच्या वर! ओसरीत असा गलका उठला की चंद्रावतीबाई झारा घेऊन बाहेर आल्या.

काटा तपासा म्हणून अर्ज गेले. महिनाभर काही हललं नाही, आणि मार्चच्या शेवटी एकदाचे तपासणी साहेब आले. पण त्यांची प्रमाणित वजनं ज्या पेटीत होती, तिची किल्ली दुसऱ्या साहेबांकडे, आणि ते रजेवर. साहेब परत निघाले. शेतकरी आडवे आले. "वजन नाई कसा म्हणता? आमच्याकडं हाये ना! नागपूरची चिठ्ठी असलेला!" चौघं जण गुरुजींच्या घरी गेले. ते दाढी करत होते. अर्ध्या दाढीनं त्यांना केंद्रावर आणलं. साहेबांनी तालुक्याच्या दवाखान्यातला काटा जीपमध्ये घालून मागवला, त्यावर आधी गुरुजी उभे केले. एकशे एकोणीस. मग केंद्राच्या काट्यावर. एकशे आठ. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. असं चार वेळा.

केंद्राचा काटा उंच ओट्यावर होता. खाली साठ-सत्तर माणसं, वर अर्ध्या दाढीचे गुरुजी. ज्या माणसानं ह्यातल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवले, तो हात बांधून पोरासारखा उभा होता आणि लोक मोठमोठ्यानं त्याचे आकडे वाचत होते. साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला.

"पोट रिकामं आहे का?"

"व्हय जी."

"आत काही बसवलेलं वगैरे?"

"तेच तर कोनाले मालूम नाई साहेब," खेमराज म्हणाला, आणि साठ-सत्तर माणसं खदखदा हसली.

हर्षिता बातमी ऐकून धावत आली होती. ती ओट्याखाली उभी होती. बापाचे पाय तिच्या छातीच्या उंचीवर होते. टाचांना भेगा पडलेल्या होत्या, कारण वर्षानुवर्षं त्यांचा हातच तिथवर पोचला नव्हता. ती हसली नाही. काटा सील झाला, दुसरा आला, कमी भरलेलं धान लोकांना परत मिळालं, आणि गावानं गुरुजींचा जयजयकार केला. गुरुजी मात्र घरी येऊन उरलेली अर्धी दाढी न करताच झोपले. एवढा लाजिरवाणा सन्मान त्यांना आजवर कोणी केला नव्हता.

त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराचं उत्तर आलं. 'आपण मागितलेली माहिती एका व्यक्तीच्या खासगी आरोग्याशी संबंधित असून तिचा व्यापक जनहिताशी कोणताही संबंध दिसून येत नाही. सबब ती देता येत नाही.' गुरुजींनी ते तीनदा वाचलं. "एका व्यक्तीच्या म्हंजे कोनाच्या?" चंद्रावतीबाईंनी विचारलं. "माझ्याच," गुरुजी म्हणाले. "माझी माहिती माझ्यापासून लपवून राहिले, माझ्यासाठी." आणि जनहिताशी संबंध नाही म्हणे! सत्तर घरांचं धान ह्याच पोटानं परत आणलं होतं.

एप्रिलच्या दहा तारखेला ते कागदाशिवायच पुन्हा नागपूरला गेले. अकरा तुकड्यांची फिल्म पिशवीत घेतली होती, ती त्यांनी लाजून बाहेर काढलीच नाही. डॉक्टरांनी शेवटी तोंडातून दुर्बीण घालून आत पाहिलं.

"स्लीव्ह आहे," ते म्हणाले. "पोटाची पिशवी कापून अरुंद केली होती. आता ती ताणली गेलीय."

पट्टा नाही, फुगा नाही, आणि काहीच नाही असंही नाही. तिन्ही पक्षांची अनामत जप्त झाली. मग डॉक्टरांनी खाण्याची वही वाचली. गुरुजी प्रामाणिक, त्यांनी मंडईपासूनचं आठवून सगळं लिहिलं होतं. अर्धी करंजी, अर्धी करंजी, एक वडा, अर्धी करंजी, असं पानंच्या पानं. डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले.

"दोष कोणाचा ते राहू द्या," ते म्हणाले. "दुसरं ऑपरेशन करता येईल. पहिल्यापेक्षा अवघड असतं, धोका जास्त, हे समजून घ्या. आणि त्यानंतर सहा आठवडे अजिबात वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, काही उचलायचं नाही."

गुरुजींनी बोटं मोजली. लग्न सोळा मेला. पाच आठवडे नि एक दिवस.

"म्हणजे वाकता यावं म्हणून ऑपरेशन करायचं," ते सावकाश म्हणाले, "आणि ऑपरेशन केलं म्हणून वाकायचं नाही?"

"तात्पुरतं. पण तुम्हाला एवढी घाई कसली आहे?"

मग मात्र गुरुजींना राहवलं नाही. रश्मीचं लग्न, परात, हीरालाल, अल्बम, सगळं त्यांनी सांगितलं.  चंद्रावतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. तीन वर्षं एका घरात राहून नवऱ्याच्या मनात हे आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. डॉक्टर वहीवर हात ठेवून म्हणाले, "आधी लग्न होऊ द्या. मग शांतपणे या. ऑपरेशन पळून जात नाही."

 घरी पोचल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "हीरालालले सांगून ठेवा. पाय तोच धुवल." आणि आत जाऊन पडले. हर्षितानं आईला खोदून खोदून विचारलं. ऐकून झाल्यावर तिनं चप्पल घातली आणि ती खेमराजकाकाच्या घरी गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, नंदलालबाबूंच्या ऑफिसातून आणखी एक पत्र आलं: 'त्रुटीची पूर्तता तीन दिवसांत करावी, अन्यथा फाइल कायमची बंद करण्यात येईल.' गुरुजींनी ते घडी करून खिशात ठेवलं.

अक्षय तृतीयेला मांडवात गर्दी मावत नव्हती. रश्मी दोन दिवस आधीच आली होती. पाय धुवायची वेळ झाली तशी हीरालालनं बाह्या सारल्या. तेवढ्यात मांडवाच्या मागून खेमराज आणि चौघं शेतकरी धानाचे कट्टे खांद्यावर घेऊन आले. दोन-दोन कट्टे एकावर एक, अशा दोन थप्प्या त्यांनी शेजारी-शेजारी लावल्या.

"हे का होय?" पुष्पाबाई ओरडल्या. "धानावर बसतेत का कोनी? लक्ष्मी होय ते!"

"मालूम हाये ना मोठीमाय," हर्षिता म्हणाली, आणि तिनं स्वतः दोन पाट उचलून कट्ट्यांवर ठेवले. "मी पाटावरच बसून राहिली. पाट कुठी बसते ते पाट पाहील."

"हे तेच कट्टे होत," खेमराजनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "गुर्जीच्या वजनानं परत आले ते."

नवरीनं शालू सावरला आणि चढून बसली. नवरदेव बिचारा गोंधळला, पण मागोमाग चढला. स्टुलावर परात ठेवली. गुरुजींसमोर खुर्ची आली. ते बसले, आणि हर्षिताचे पाय थेट त्यांच्या हातात आले. ना वाकावं लागलं, ना अडकावं लागलं. सात महिने नागपूर, गोंदिया, दवाखाने, बाबू, अर्ज, दुर्बीण. आणि इतक्या शहाण्या माणसांत पाय वर घ्यावेत हे एकालाही सुचलं नव्हतं.

चंद्रावतीबाई लोट्यानं पाणी ओतत होत्या. गुरुजी धूत होते. एक टाच, मग दुसरी, एकेक बोट. अंगठ्याजवळ जुना वण होता, पाचवीत सायकलवरून पडल्याचा. तो त्यांनी दोनदा धुतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबूजी, झाले जी," हर्षिता हळूच म्हणाली. "किती येळ धुवाल?"

"थोडं थोडं, अनेकदा," गुरुजी म्हणाले. "डॉक्टरनं लिहून देलं हाये."

जावयाचेही पाय झाले. भटजींनी पुढचा मंत्र म्हणायला तोंड उघडलं, पण गुरुजी खुर्चीवरून हलेनात. ते गर्दीत कोणाला तरी शोधत होते. रश्मी खांबाजवळ बायकांच्या मागं उभी होती.

"रश्मे, इकडं ये. बस वर."

"मी? काऊन, बाबूजी?"

"असं शास्त्रात नाही गुरुजी," भटजी म्हणाले. "हिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली."

"मालूम हाये," गुरुजी म्हणाले. "तेव्हाची त्रुटी राहून गेली होती. पूर्तता करून राहिलो."

हीरालालनं पुढं होऊन रश्मीला हाताला धरून वर बसवलं, आणि चंद्रावतीबाईंनी लोटा पुन्हा भरून घेतला.